घडीचीच ना खुर्ची? मग एवढी जड का?

प्रश्न ठरलेला आहे. रुग्ण तपासायला आम्ही बनवलेली घडीची खुर्ची पिशवीतून काढली, पाय उघडले, पाठ जागेवर बसल्याचा खटका वाजला, की बघणाऱ्यांपैकी कुणीतरी ती एकदा उचलून बघतंच. आणि मग विचारतं, "घडीचीच ना? मग एवढी जड का?" कधी हा प्रश्न डॉक्टरांचा असतो. कधी ती दोन जिने चढवून आणलेल्या मदतनिसाचा असतो, आणि तेव्हा त्यात प्रश्न थोडा आणि तक्रार जास्त असते. सहलीला नेतात त्या कापडी घडीच्या खुर्च्या तीन-चार किलोंच्या असतात. आमची १७.४ किलोंची आहे.

उभ्या उभ्या विचारलं तर मी म्हणते, "अहो, हिच्यात बसून चांदणं नाही बघायचं, दात काढून घ्यायचाय." लोक हसतात आणि विषय संपतो. पण उत्तर तेवढंच नाही. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी नीट सांगते.

पहिली खुर्ची ८.९ किलोंची होती आणि मला तिचा फार अभिमान होता. फिरत्या तपासणी पथकासाठी हवी होती ती: दंतवैद्य, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि रक्त काढणारे तंत्रज्ञ, तिघांनाही चालेल अशी. ती मोडू नये एवढीच माझी काळजी होती. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रौढ रुग्णाचं वजन किमान १३५ किलो धरायला सांगितलंय. आमच्या खुर्चीला वीज लागत नाही, पण आकडा शहाणपणाचा होता, तो घेतला. माणूस खुर्चीत अलगद बसत नाही, अंग टाकतो. एकदम आलेला भार सावकाश ठेवलेल्या भाराच्या दुप्पट ताण देतो, हे यंत्रशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात असतं. वर झीज आली, गैरवापर आला. म्हणून चौपट धरून ५४० किलोंच्या वाळूच्या गोण्या रचल्या. खुर्ची कुरकुरली, पण उभी राहिली. त्या दिवशी मला वाटलं, काम झालं.

मग दंतवैद्य आले. त्यांनी आमच्यातल्याच एकाला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला, आणि दहा सेकंदांत बाहेर काढला. एकच शब्द म्हणाले, "हलतेय."

मी गोण्यांचा आकडा सांगायला लागले. ते म्हणाले, "मॅडम, मोडत नाही हे कळलं. हलतेय."

पुढची दोन वर्षं त्या एका शब्दात गेली, असं म्हटलं तरी चालेल. बसायची खुर्ची थोडी हलली तर कुणाचं काही बिघडत नाही, झुलत्या खुर्च्या लोक मुद्दाम घेतात. तपासणीच्या खुर्चीवर मात्र एकाच वेळी दोन माणसं असतात. एक बसलेला, आणि दुसरा त्याच्या डोक्यावर हात टेकून काम करणारा. डॉक्टरांची बोटं रुग्णाच्या जबड्यावर टेकलेली असतात. डोकं हललं की हत्यार हलतं. त्याहून वाईट म्हणजे खुर्ची डगमगतेय हे रुग्णाच्या अंगाला मनाच्या आधी कळतं. तो हातांनी खुर्चीच्या कडा धरतो, मान ताठ करतो, पोटऱ्या आवळतो. ताठ मानेच्या माणसाचं तोंड नीट उघडत नाही, आणि आवळलेल्या हाताची शीर सापडत नाही. म्हणजे खुर्चीतला दोष शेवटी रुग्णाच्या नावावर जमा होतो: "रुग्ण सहकार्य करत नाही."

आता हलणं येतं कुठून, ते बघा. घडी म्हणजे सांधे, आणि सांधा म्हटला की त्यात थोडा ढिलेपणा ठेवावाच लागतो, नाहीतर तो फिरणारच नाही. कारखान्यात त्याला 'प्ले' म्हणतात. माझ्या पहिल्या खुर्चीत पाठ ज्या बिजागरीवर फिरायची, तिच्यापासून फक्त ७० मिलिमीटरवर पाठ अडकवणारी खीळ होती. खिळीला अर्धा मिलिमीटर प्ले. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, नखाची जाडी. पण डोकं बिजागरीपासून ७०० मिलिमीटरवर असतं. दहा पट लांब, म्हणून हालचालही दहा पट. डोक्याशी ५ मिलिमीटर. दाढेची पोकळी साफ करताना ५ मिलिमीटर म्हणजे दुसराच दात.

कागदावर सोपं आहे: खीळ बिजागरीपासून लांब न्या. १४० मिलिमीटरवर नेली की हालचाल निम्मी. पण मग घडी घातल्यावर खुर्ची जाड होते, पिशवी फुगते, आणि दांडेही लांब लागतात. तिथे पहिला किलो वाढला.

पाठीला खालून आधार का दिला नाही, एक पाय लावायचा की डोक्याखाली, असंही विचारतात. तिथेच तर गंमत आहे. (गंमत आता वाटते, तेव्हा वाटत नव्हती.) दंतवैद्य रुग्णाच्या डोक्यामागे स्टुलावर बसतात आणि त्यांचे गुडघे पाठीच्या खाली जातात. तिथे पाय लावला, आडवी पट्टी घातली, पाठीची जाडी वाढवली, की त्यांना पुढे वाकून काम करावं लागतं. दिवसाला तीसएक रुग्ण बघणाऱ्याला असं वाकणं वर्षभरात भोवतं. म्हणजे डोक्याखालची जागा मोकळी हवी, पाठ पातळ हवी, आणि तरी ती जराही हलता कामा नये. अधांतरी राहायचं आणि डोलायचंही नाही.

घडीच्या व्हीलचेअरची युक्ती मी आधी वापरून बघितली होती. हॅरी जेनिंग्ज या इंजिनिअरने १९३३ मध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट या आपल्या मित्रासाठी ती बनवली. एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातात जायबंदी झाला होता. पोलादी नळ्या, आणि सीटखाली इंग्रजी एक्ससारखी फुली. माणूस बसला की त्याच्याच वजनाने फुली दाबली जाते आणि खुर्ची उघडी राहते. वजनच कुलूप होतं, ही कल्पना मला अजूनही थोर वाटते, आणि आमच्या खुर्चीच्या पायांमध्ये तेच तत्त्व आहे. पण फुली सीटखालच्या भागाला सांभाळते, मागे लांबवर अधांतरी असलेल्या डोक्याला तिचा उपयोग नाही. आणि दंतवैद्यांच्या खुर्चीची सुरुवात डोक्यापासूनच झालेली आहे. १७९० मध्ये जोसाया फ्लॅग या अमेरिकन दंतवैद्याने साधी लाकडी विंडसर खुर्ची घेतली आणि तिला डोक्यासाठी हलवता येणारी उशी जोडली. घरातली बैठक त्याला चालण्यासारखी होती. डोकं धरून ठेवायला तिच्यात काही नव्हतं, ते त्याने घातलं. मी सव्वादोनशे वर्षांनंतर सुरुवात सीटपासून केली, आणि तिथेच चुकले.

मग सगळं ॲल्युमिनियमचं करा, हा सल्ला तर इतक्यांनी दिलाय की मी मोजणं सोडलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, खरं आहे. पण त्याचा ताठरपणाही एक तृतीयांशच असतो. त्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली तर ती तिप्पट वाकते. मोडत नाही, वाकते आणि परत येते, म्हणजे पुन्हा तेच: हलतेय. उपाय म्हणजे नळीचा व्यास वाढवायचा. व्यास वाढवला की ताठरपणा भराभर वाढतो, पण घडी जाड होते. शिवाय खुर्च्यांना वापरतात तसलं ताकदवान ॲल्युमिनियम वेल्ड केलं की वेल्डच्या आसपास त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि वारंवार भार घेऊन ते पोलादापेक्षा लवकर थकतं. आमच्या वेल्डर काकांनी हे पुस्तक न उघडता सांगितलं होतं: "सीटला लावा, पायाला लावा. कमरेला लोखंडच ठेवा." शेवटी तेच झालं. पाय आणि सीटची चौकट ॲल्युमिनियमची, बिजागरी, तिच्या आसपासचा भाग आणि डोक्याचा दांडा पोलादाचे. एकट्या कमरेपायी ३ किलो वाढले.

जड असली की खुर्ची स्थिर राहते, असंही कुणी कुणी माझ्या वतीने उत्तर देऊन टाकतात. तसं नाही, आणि हे मी आपटून शिकले आहे. म्हणजे मी नाही, एक स्वयंसेवक आपटला. चाचणीला आलेल्या या गृहस्थांना खुर्ची उलगडलेली दिसली, पाय ठेवायची पट्टी समोर आलेली दिसली, आणि ते सरळ त्या पट्टीच्या टोकावर बसले. खुर्ची पुढे कलंडली. लागलं काही नाही, पण ते परत बसायला तयार होईनात. आणि त्यांचं काय चुकलं? समोर सपाट गादी दिसली की माणूस बसणारच.

हिशेब केला. पट्टीचं टोक पुढच्या पायांच्या ४५ सेंटिमीटर पुढे. माणूस ८० किलोंचा. म्हणजे कलंडवणारं बळ ८० गुणिले ४५, म्हणजे ३६००. खुर्चीचा गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या ३० सेंटिमीटर मागे. खुर्ची १५ किलोंची धरली तर सावरणारं बळ ४५०. खुर्ची १०० किलोंची केली असती तरी ३०००, तरी ती कलंडलीच असती. वजनाने हा प्रश्न सुटत नाही. जमिनीवर पाय कुठे टेकतो, त्याने सुटतो. म्हणून पट्टीला स्वतःचा एक छोटा पाय आला, १.१ किलोंचा. मागेही तसंच. माणसाचं डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचे सुमारे दोन तृतीयांश होतात, आणि पाठ आडवी केली की ते सगळं मागे जातं. मागचे पाय तिरके लांबवले. ते डॉक्टरांच्या स्टुलाच्या चाकांना आडवे येऊ नयेत म्हणून त्यांच्या कोनावर जेवढं भांडण झालं, तेवढं दुसऱ्या कशावर झालं नसेल.

पाठ अडकवायला गॅस स्प्रिंग (नळीत कोंडलेल्या वायूच्या दाबाने रेटणारी) कशाला, साध्या पिना का नाही? पिनाच होत्या. दोन्ही बाजूंना एकेक, स्वस्त आणि हलक्या. मग एका चाचणीत रक्त काढताना आमची एक सहकारी पांढरी पडली. घाम, डोळे फिरले. सुई बघून भोवळ येणं तसं नेहमीचंच. अशा वेळी माणसाला लगेच आडवं करायचं आणि पाय वर घ्यायचे, की मेंदूकडे रक्त परत जातं. मी एका बाजूची पिन काढली. दुसरी निघेना. का निघेना हे मला त्या क्षणीही माहीत होतं, तेच जास्त लागलं: एक पिन काढल्यावर पाठीचा आणि तिच्यावर रेललेल्या माणसाचा सगळा भार दुसरीवर येतो, आणि दाबाखालची पिन भोकात आवळून बसते. शेवटी दोघांनी तिला उचलून जमिनीवर निजवलं. मिनिटभरात ती बोलायला लागली. मी मात्र संध्याकाळपर्यंत गप्प होते.

आता एक दांडा आहे, डाव्या किंवा उजव्या हाताने दाबला की पाठ झटका न देता आडवी होते. आतली गॅस स्प्रिंग ८०० ग्रॅमची आहे. तिचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता: ती पाठीला सतत एकाच दिशेला रेटते, त्यामुळे सांध्यातला उरलासुरला प्लेही एका बाजूला दाबून बसतो. 'हलतेय' बऱ्यापैकी तिनेच बंद केलं. हृदय बंद पडण्याची गोष्ट वेगळी. छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर दाब द्यायचा असतो, आणि अधांतरी पाठ तो दाब स्वतःच गिळते. तिथे रुग्णाला जमिनीवर घ्यायचं, आणि ते शक्य नसेल तर खुर्चीच्या पाठीखाली स्टूल सरकवायचं. हे चित्र काढून खुर्चीच्या बाजूलाच चिकटवलंय.

गादीबद्दल थोडक्यात. ताणलेलं कापड हलकं असतं, पण मधोमध झोळ पडतो आणि माणूस त्यात घसरत जातो, डोकं दर पाच मिनिटांनी खाली. शिवाय कापड धुणार कसं? रक्त सांडलं तर ०.५ टक्के हायपोक्लोराइटने, म्हणजे ब्लीचच्या पाण्याने, पुसायचं असतं. ते ॲल्युमिनियमला खातं, म्हणून नंतर पाण्याने पुसणं आलं. अल्कोहोलने स्वस्तातलं रेक्झिन कडक होऊन तडकतं. शिवणीच्या टाक्यांतून द्रव आत फोममध्ये जातो आणि बाहेरून चकचकीत दिसणारी गादी आतून कुजते. म्हणून उष्णतेने जोडलेलं, बिनशिवणीचं आवरण, आणि त्याखाली दाट फोम. फोमचं वजन मी कमी करून बघितलं, हाडं टोचतात.

बोटांचं राहिलंच. घडीच्या खुर्चीत बोट चिमटत नाही असं कुणी म्हणालं तर त्याने ती कधी घडी केलेली नाही. मिटणाऱ्या दोन भागांत बोटासाठी किमान २५ मिलिमीटर फट सोडायची असते. आम्ही जिथे सोडता आली तिथे सोडली, जिथे नाही तिथे झाकणं लावली. झाकणांनाही वजन असतं.

मदतनिसांची तक्रार मात्र खरी आहे, ती मी हिशेबांनी उडवून लावत नाही. सामान उचलण्याविषयीचं एक अमेरिकन सूत्र आहे, नायॉशचं, म्हणजे कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचं. त्यात सगळं काही अनुकूल असताना, म्हणजे ओझं अंगाजवळ, न वाकता, न वळता, कमाल २३ किलो धरतात. जिन्यात यातलं काहीच अनुकूल नसतं. म्हणून खुर्ची कमरेतच सुटी होते: सीट आणि पाय १०.६ किलोंच्या पिशवीत, पाठ आणि डोकं ६.८ किलोंच्या. पट्टे पाठीवर घ्यायचे, हातात धरायचे नाहीत. एकाच फेरीत दोन्ही पिशव्या नेणारे भेटतात, त्यांना काय सांगणार.

डोक्याचा तो पोलादी दांडा सध्या माझ्या डोळ्यांवर आलाय. तो जाड ॲल्युमिनियमचा केला तर ४०० ग्रॅम वाचतील असं मला वाटतं. एक नमुना तयार आहे. दंतवैद्यांना सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात ते आले की त्यांना नेहमीसारखंच काम करू देणार आहे, आणि आरसा तोंडात गेल्यावर दहा सेकंद मोजणार आहे.