कॉन्टॅक्ट शीट आधी, प्रिंट मग

रत्नागिरीत आम्ही मीडियम फॉरमॅटवाले, म्हणजे मोठ्या निगेटिव्हच्या फिल्म कॅमेऱ्यावर फोटो काढणारे, महिन्यातून एकदा काकांच्या पडवीत जमतो. नियम एकच, आणि तो मी हट्टाने लावून घेतलाय: मोबाइलवर फोटो दाखवायचा नाही. प्रिंट आणायची, आणि तिच्याआधी अख्ख्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली सगळ्या फ्रेमची एकत्र प्रिंट, समोर ठेवायची.

१२० च्या फिल्म रोलवर, नावाला सहा बाय सहा सेंटिमीटर फ्रेमच्या कॅमेऱ्यात, बाराच फ्रेम मिळतात. तीन-तीनच्या चार पट्ट्या कापल्या की आठ बाय दहा इंचांच्या एका कागदावर सगळा रोल मावतो. फोटो काढणारा कुठून कुठे सरकला, कुठे थांबला, कुठे घाई केली, हे त्या बारा चौकोनांत स्पष्ट दिसतं. निवडलेला एकच फोटो पुढे आला तर समोरचा 'छान' म्हणून मोकळा होतो, आणि त्या 'छान'चा कुणाला काही उपयोग नसतो.

गेल्या खेपेला गुहागरच्या एका मुलाने यशिका मॅट १२४जी या कॅमेऱ्यावर काढलेला रोल आणला होता. जांभ्याचा गडगा, मागे माडाच्या झावळ्या. एचपी५ ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, फिल्टर नाही. मांडणी नेटकी, तरी प्रिंट सपाट वाटत होती. काकांनी भिंग लावलं आणि विचारलं, "अरे, गडगा संपतो कुठे नि झावळी सुरू होते कुठे?" नेमकं तेच होतं. तांबडा जांभा आणि हिरवी झावळी डोळ्यांना लांबूनही वेगळी दिसतात, पण ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगात उतरतात. नारिंगी फिल्टर लावला तर जांभा उजळतो, झावळी गडद होते. त्यात साधारण दोन स्टॉप उजेड जातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), आणि यशिकाचा उजेड मोजणारा मीटर लेन्समधून बघत नाही, म्हणून ते दोन स्टॉप आपणच वाढवायचे. (पावसाळ्यात शेवाळ चढलेल्या गडग्याला हा उपाय चालत नाही. तिथे गडगाही हिरवा, झावळीही हिरवी. मग फरक उजेडातच शोधावा लागतो.)

पण खरी गोष्ट शीटवर सापडली. सातव्या फ्रेमला तो दोन पावलं डावीकडे सरकला होता. तिथे गडग्यामागे झावळ्या नव्हत्या, ओहोटीची उजळ वाळू होती, आणि जांभ्याचा प्रत्येक चिरा सुटा दिसत होता. फिल्टरशिवाय! चांगला फोटो त्याच्या रोलवर होताच, त्याने निवडला होता दुसरा. सुटी प्रिंट आणली असती तर फिल्टरवर बोलून आम्ही उठलो असतो. पोराने भिंग हातात घेतलं ते चहा येईपर्यंत सोडलं नाही. टीका अशी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

काकांचं आणि माझं एका बाबतीत जमत नाही. चौकोनी निगेटिव्हची प्रिंट करताना कडेचा भाग गाळायचा नाही, असं ते ठामपणे म्हणतात: चौकोनात बघितलंस, तर चौकोनातच दाखव. मला हे पटत नाही. ५६ बाय ५६ मिलिमीटरच्या फ्रेममधून ५६ बाय ४२ चा तुकडा घेतला, तरी तो नेहमीच्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळाने अडीचपटीहून मोठा असतो. एवढी जागा हाताशी असताना नको असलेला भाग का वागवायचा?

हर्णैच्या किनाऱ्यावरची माझी एक फ्रेम आहे. लिलावाच्या वेळी उभ्या होड्या, पलीकडे सुवर्णदुर्ग, आणि खाली पाव फ्रेमभर रिकामी ओली वाळू. काका म्हणतात, त्या वाळूमुळेच किल्ला लांब वाटतो. मला तिथे नजर अडकल्यासारखी होते. पुढच्या बैठकीला ती निगेटिव्ह दोन्ही प्रकारे प्रिंट करून नेणार आहे, एकाच कागदावर, एकाच ग्रेडमध्ये, म्हणजे एकाच कॉन्ट्रास्टवर. शीटही बरोबर असेल.