मूरेनचा व्हिसा: "एकाच गावात एवढे दिवस?"

स्वित्झर्लंडच्या व्हिसाचे बाकी कागद भराभर पुढे सरकले. घोडं अडलं ते प्रवासाच्या आराखड्यावर. व्हिसा अर्ज केंद्रात खिडकीपलीकडच्या बाईंनी 'मूरेन'खाली पेनाने रेघ ओढली आणि विचारलं, "बाकीची शहरं कुठायत?"

बाकीची शहरं नव्हतीच. झुरिक, लुसर्न, तिथून पॅरिस असे आराखडे रोज चाळणाऱ्यांना आल्प्समधल्या, स्कीइंगच्या, चार-साडेचारशे वस्तीच्या गावात अख्खा मुक्काम म्हणजे काहीतरी गडबड वाटते. त्यात पत्त्याचा घोळ. बुकिंगवर 3825 मूरेन, आराखड्यात रेल्वे स्टेशन लाउटरब्रुनेन. "मग हॉटेल नक्की कुठे? स्टेशनवरून टॅक्सीने किती वेळ?" आता टॅक्सी जाणार कशी? मूरेन 1,638 मीटरवर, लाउटरब्रुनेन दरीच्या कड्यावर बसलंय आणि खालून तिथे सार्वजनिक गाडीरस्ताच नाही. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुचाल्प, तिथून छोट्या रेल्वेने मूरेन. ही रेल्वे 1891 पासूनची. खालच्या टप्प्यावर 2006 पर्यंत दोराने ओढली जाणारी रेल्वे होती, तिच्या जागी केबल कार आली. हे सगळं खिडकीशी उभं राहून, मागच्या रांगेचे सुस्कारे ऐकत सांगायचं!

केंद्राला व्हिसाचा निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. तो वकिलातीचा. पण 'आराखडा अपुरा' अशी नोंद केंद्र करू शकतं, आणि मग नव्या अपॉइंटमेंटसाठी आपण स्क्रीनकडे डोळे लावून बसायचं. तेव्हा कव्हर लेटरमध्येच तीन गोष्टी लिहून टाका: गाव कुठल्या स्टेशनवरून गाठायचं, रस्ता का नाही, आणि हेच गाव का.

तिसऱ्या मुद्द्याला चार ओळी पुरतात. मी पानभर लिहिलं, कारण डोकं तापलं होतं. लिहिण्यासारखं आहेही. अर्नल्ड लन हा इंग्रज 1888 साली मद्रासमध्ये जन्मला. वडील हेन्री तिथे मिशनरी होते, पुढे त्यांनी इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात आल्प्समध्ये नेण्याचा धंदा उभा केला. अर्नल्डने जानेवारी 1922 मध्ये मूरेनच्या उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवल्या आणि वळणांच्या डौलाला गुण न देता फक्त वेळ मोजली. आजच्या स्लॅलमची, म्हणजे झेंड्यांमधून वळणं घेत उतरायच्या स्की शर्यतीची, सुरुवात ती. 1924 मध्ये इथेच कंदहार स्की क्लब निघाला. हे कंदहार अफगाणिस्तानातलंच, ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या किताबातून आलेलं, आणि रॉबर्ट्सचा जन्म कानपूरचा. 1931 ची पहिली जागतिक अल्पाइन स्की स्पर्धाही याच गावात झाली. बायकांच्या डाउनहिल (थेट वेगाने उतरायची शर्यत) आणि स्लॅलम दोन्ही शर्यती एस्मे मॅकिनननं जिंकल्या. एवढ्या इतिहासाच्या गावाला "एकच गाव?" म्हणणाऱ्यांना काय म्हणावं!

आराखड्यात 'दिवस 3: मूरेन, दिवस 4: मूरेन' असं लिहू नका. त्याच मुक्कामात आल्मेन्टहुबेल, शिल्टहॉर्न (2,970 मीटर, वर फिरतं रेस्टॉरंट), गिमेलवाल्ड अशी आसपासच्या ठिकाणांची नावं रोज वेगळी टाका. खोटं काही नाही, आणि तक्ता भरलेला दिसतो.

विमा. शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, स्वित्झर्लंडचाही तोच) किमान 30,000 युरोंचं कव्हर लागतं, ते बऱ्याच पॉलिसी देतात. पण साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं. व्हिसा मिळतो, पाय मोडला की पैसे मिळत नाहीत. हिवाळी खेळांचं कव्हर वेगळं जोडा आणि डोंगरावरची सुटका, हेलिकॉप्टरसकट, त्यात आहे का ते वाचा. आखलेल्या उताराबाहेर घसरलात तर काय, तेही.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण 15 दिवस, लांबलं तर 45. शेवटच्या दिवसांवर ठेवू नका. बोटांचे ठसे 59 महिने चालतात, त्या काळात दिले असतील तर अर्जात तसं लिहा.

जानेवारीच्या उत्तरार्धात खोली शोधत असाल तर आधी 'इन्फर्नो'ची तारीख बघा. 1928 पासूनची ही शर्यत शिल्टहॉर्नकडून थेट लाउटरब्रुनेनपर्यंत उतरते, सुमारे 15 किलोमीटर, आणि स्पर्धक असतात 1,800 च्या वर. त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते.

पहिल्यांदाच स्की बांधणार असाल तर मूरेनचे उतार तीव्र आहेत, शिकवणी आधी ठरवा. भाड्याच्या बुटांसाठी पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून न्या, आणि वजन खरं सांगा. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती ताणावर सुटायचं ते त्यावरून लावतात. कमी सांगितलंत तर स्की भलत्या वेळी निसटते, जास्त सांगितलंत तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो.

आणि हॉटेल बुक करताना ते गावाच्या कुठल्या टोकाला आहे ते विचारा. रेल्वे स्टेशन उत्तरेला, खाली दरीतल्या श्टेखेलबर्गहून येणारी दुसरी केबल कार दक्षिणेला. मधलं अंतर बर्फातून चाकांची बॅग ओढत जायचं नसेल तर त्याप्रमाणे खालूनच वाट निवडा.