भरल्या ताटलीपुढं उपाशी

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "डॉक्टर, मोराची पिल्लं सापडलीत घरामागं, बांधाच्या गवतात. घरात ठिवली तर गुन्हा व्हतो म्हणं. काय करू?"

मी पशुधन पर्यवेक्षक, पण बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या वाड्यावस्त्यांवर सगळे डॉक्टरच म्हणतात. मावशींची भीती खरी होती. नायगावचं मयूर अभयारण्य त्यांच्या वस्तीपासून फार लांब नाही, मोर-लांडोरी रोज त्यांच्या शेतात उतरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोर पाळता येत नाही. "हात लावू नका, आलोच," म्हणालो आणि गाडी काढली.

डालगं उचललं तर खाली एक खुडूक गावरान कोंबडी आणि तिच्या पंखांखालून डोकावणारी नऊ पिल्लं. अंगावर तपकिरी पट्टे, मान लांब, पाय उंच. एक हातात घेऊन नीट पाहिलं. चोचीच्या वर, अगदी मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढं मांसाचं बोंड होतं. मोराच्या पिल्लाला ते नसतं. मोठेपणी हेच बोंड लांबून चोचीवरून सोंडेसारखं लोंबतं. ही टर्कीची पिल्लं होती. ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्यानं टर्की पाळल्याचं मला ठाऊक होतं. टर्कीची मादी संधी मिळाली की झुडपात लपून अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. तिचं पुढं काय झालं ते कळलं नाही. बांधावर थोडी पिसं पडलेली होती, एवढंच.

"म्या दाणे टाकलेत, पाणी ठिवलंय. पर खाईनातच बगा," मावशी म्हणाल्या. ज्वारीचा भरडा ताटलीत तसाच होता. दहावं पिल्लू रात्रीच मेलं होतं. ते उघडून पाहिलं. अन्नाची पिशवी रिकामी, पेटा, म्हणजे दाणे दळणारं जठर, कापला तर आत गोणपाटाचे दोन-चार धागे. पोटातला बलक पार संपलेला. त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं. तेवढ्यात चोच मारायला शिकलं तर जगतं, नाहीतर भरल्या ताटलीपुढं उपाशी मरतं. कोंबडीचं पिल्लू आपणहून टिपतं, टर्कीच्या पिल्लाला बहुतेकदा शिकवावं लागतं. मावशींचं काहीच चुकलं नव्हतं. मी तसं सांगितलं, तरी त्यांनी पदर डोळ्याला लावला.

मग दुपारपर्यंत मी तिथंच बसलो. दवाखान्यातली बाकी कामं सहकाऱ्यावर टाकली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अंडं उकडून बारीक कुस्करलं, त्यात कोथिंबीर चिरून घातली. हिरव्या रंगाकडं ही पिल्लं ओढली जातात. प्रथिनंही त्यांना कोंबडीच्या पिलांपेक्षा जास्त लागतात, सुरुवातीच्या खाद्यात साधारण २८ टक्के. नुसत्या ज्वारीवर भागत नाही. मावशींच्या नातवाच्या काचेच्या गोट्या धुऊन पाण्याच्या उथळ थाळीत टाकल्या. चमकणाऱ्या गोटीवर पिल्लू चोच मारतं आणि पाणी तोंडात जातं. गोट्यांमुळं थाळीत बुडायचीही भीती राहत नाही. एकेकाची चोच पाण्याला लावायची, मग बोटाच्या नखानं ताटलीत टकटक करायची. नातू तासभर न कंटाळता टकटक करत होता. पहिल्या पिल्लानं गोटीवर चोच मारली, तेव्हा तो ओरडलाच.

खरी अडचण कोंबडीची होती. गावरान कोंबडी धडधाकट दिसते, पण तिच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा परजीवी पसरू शकतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. टर्कीचं मात्र यकृत सडतं, गंधकासारखी पिवळी विष्ठा होते आणि कळपच्या कळप जातो. ही जंतांची अंडी अंगणाच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून दोघांना एकत्र ठेवू नका, हे मी शेतकऱ्यांना नेहमी सांगत आलो. कोंबडी बाजूला केली आणि पिलांसाठी खोक्यात स्वच्छ गोणपाट अंथरून वर ६० वॉटचा बल्ब टांगला. कागद अंथरला नाही, त्यावर पाय घसरून फाकतात. पहिल्या आठवड्यात पिलांजवळ ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची.

संध्याकाळी साडेसातला वीज गेली. पाऊस पुन्हा सुरू. मावशींचा फोन: "गोळा झाल्यात, वरडायल्यात."

क्षणभर मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "कोंबडी आत ठेवा." गारठा एका रात्रीत मारतो, रोग पिलांत शिरला तरी दिसायला आठवडा जातो. त्या रात्री निवड ही एवढीच होती. सकाळी वीज येताच कोंबडी वेगळी केली, गोणपाट जाळलं, खोकं बदललं. पुढचे तीन आठवडे येता-जाता विष्ठेचा रंग पाहिल्याशिवाय मी वस्ती सोडली नाही.

दोन पिल्लं गेली. दोन्ही पहिल्या तीन दिवसांतच, अशक्तपणानं. सात जगली. महिन्यानं ओढ्यापलीकडचा शेतकरी पिल्लं न्यायला आला. मावशींनी आधी त्याला विचारलं, "तुमच्याकडं कोंबड्या हायत का? मग ह्यांना त्यांच्या अंगणात सोडू नका." पाच तो घेऊन गेला, दोन त्यांच्याकडंच ठेवली. त्या दोघांसाठी मावशींनी घराच्या पश्चिमेला, जिथं कोंबड्या कधी फिरल्या नाहीत त्या पडीक तुकड्यावर, जाळी ठोकून घेतली.