मेपलच्या सावलीत दुरंगी होस्टा : माझा अनुभव

मध्य न्यू जर्सीत घराच्या उत्तरेला, नॉर्वे मेपलखाली, वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी पट्टी होती. गवत तिथे कधी टिकलं नाही. आता तिथे ‘पेट्रियट’, ‘फ्रॅन्सी’, ‘जून’, ‘फायर अँड आइस’ अशा दुरंगी पानांच्या होस्टा आहेत. होस्टा म्हणजे सावलीत वाढणारी, मुख्यतः पानांसाठी लावायची बहुवर्षायू रोपं. लागवड आठवडाभरात उरकली, पण बसायला चार उन्हाळे लागले. त्यात जे चुकलं ते बहुतेक एकाच कारणाने चुकलं: पानाचा पांढरा भाग रोपासाठी अन्न बनवत नाही, काही कमावत नाही, हे मी आधी धरलंच नव्हतं.

पानं जिथून निघतात त्या कोंबाच्या टोकाला पेशींचे तीन थर असतात. त्यातल्या एका थरात हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून पान दुरंगी दिसतं. दुसरा थर तसा असेल तर पांढरी किनार येते, तिसरा असेल तर मध्यभाग पांढरा येतो. ‘पेट्रियट’ची किनार पांढरी, तिच्यातूनच निघालेल्या ‘फायर अँड आइस’मध्ये रंग उलटे, मध्ये पांढरं आणि कडेला हिरवं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मातीत लावल्या. चौथ्या वर्षी पहिली तीन फूट पसरली होती, दुसरी तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. पहिल्यांदा लावणाऱ्याने पांढऱ्या किनारीची घ्यावी. मध्ये पांढऱ्या असलेल्या नर्सरीत फार देखण्या दिसतात, पण त्यांना हात लावण्याआधी वाफा दोन वर्षं सांभाळून दाखवावा.

सावली मोजायची ती जूनमध्ये. एप्रिलमध्ये मेपलला पानं नसतात, सगळीकडे ऊन दिसतं आणि अंदाज फसतो. एका स्वच्छ दिवशी दर दोन तासांनी ऊन कुठे पडतं ते कागदावर खुणावून ठेवलं. सकाळचं दोन-तीन तास ऊन उत्तम. दुपारी एकनंतरचं ऊन पांढऱ्या भागाला सोसत नाही. तो आधी कागदासारखा होतो, मग तपकिरी होऊन गळतो. उलट, अगदी गडद सावलीत हिरव्या भागालाच पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि रोप दरवर्षी एखाद-दोन कोंबांनी आटतं. ‘गोल्ड स्टँडर्ड’चं पान निघतं हिरवं आणि मग मधून सोनेरी होत जातं, सकाळचं ऊन नसेल तर ते हिरवटच राहतं. निळसर पानांवरचा निळेपणा म्हणजे मेणाचा थर. तो उन्हाने जातो आणि बोट फिरवलं तरी जातो.

खरी अडचण सावलीची नव्हतीच, तहानेची होती. नॉर्वे मेपलची मुळं वरच्या सहा-आठ इंचांत जाळ्यासारखी पसरतात. मुळं तोडून केलेल्या चांगल्या मातीच्या खड्ड्यात दोन वर्षांत तीच मुळं परत भरली, आणि आतली होस्टा वाढायची सोडून लहान झाली. झाडाच्या मुळांवर सहा इंच माती टाकून उंच वाफा करायचा मोह आवरावा, त्याने मेपल गुदमरतो. खोडाजवळच्या तीन होस्टा मी शेवटी मोठ्या कुंड्यांत लावून विटांवर ठेवल्या. जमिनीवर टेकवल्या तर तळाच्या भोकांतून मुळं आत शिरतात. हिवाळ्यात या कुंड्या गरम न केलेल्या गॅरेजमध्ये, जवळजवळ कोरड्या ठेवायच्या. बाहेर ठेवायच्याच असतील तर आडव्या कराव्यात, म्हणजे वर पाणी साचून गोठत नाही आणि गड्डा सडत नाही.

खोडापासून दूर मात्र जमिनीतच लावल्या. खड्डा एक फूट खोल, अडीच फूट रुंद. आमच्याकडची माती चिकण, म्हणून निम्मी तीच माती, एक तृतीयांश कंपोस्ट आणि उरलेला पाइनच्या सालीचा बारीक चुरा. मातीचा सामू (pH) 6 ते 6.5 असला की काम झालं. कुंडीतलं रोप तसंच मातीत ठेवू नये. नर्सरीचं मिश्रण बहुतेक वेळा पीटचं, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचं असतं. ते एकदा वाळलं की पाणी बाजूने निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. बादलीत बुडवून मुळं मोकळी केली, खड्ड्यात मातीची छोटी ढेप करून तिच्यावर मुळं छत्रीसारखी पसरली आणि मग माती भरली. कोंब जिथून फुटतात तो भाग मातीच्या पातळीवर हवा, खाली गेला तर कुजतो. वर सालीचं दोन इंच आच्छादन, आणि कोंबांभोवती दोन इंच जागा मोकळी.

पाणी आठवड्याला एक इंच, मेपलखाली दीड. हे ऐकायला थोडं वाटतं, पण एका चौरस फुटावर एक इंच म्हणजे साधारण 0.62 गॅलन. तीन बाय तीन फुटांच्या होस्टाला साडेपाच गॅलन झाले. झारीने दोन मिनिटं शिंपडून ते भागत नाही. ठिबकची नळी टाकली. पानांवर पाणी न पडण्याचा दुसरा फायदा म्हणजे पानांतले सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे जंत) पसरत नाहीत. ते असले तर जुलैनंतर शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे उठतात, फुटपट्टीने आखल्यासारखे. खत म्हणाल तर कोंब वर आले की 10-10-10 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) छोटी मूठभर, पाच आठवड्यांनी पुन्हा तेवढंच, जुलै संपल्यावर काही नाही. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि गोगलगायींची पंगत बसते.

एप्रिलच्या उत्तरार्धात कोंब वर येतात आणि मेच्या सुरुवातीपर्यंत गोठवणाऱ्या दहिवराची भीती असते. संध्याकाळी उलटी बादली किंवा जुनी चादर घालायची, सकाळी काढायची. प्लास्टिक नको, जिथे पानाला टेकतं तिथेच पान जळतं.

दुसऱ्या वर्षी ‘पेट्रियट’च्या एका बाजूने पूर्ण हिरवा कोंब आला. तो आधी निरोगी म्हणून बरा वाटतो, पण घात तोच करतो. सगळं पान कमावणारं, म्हणून तो इतरांच्या दुपटीने वाढतो आणि दोन-तीन वर्षांत गड्डाच हिरवा होतो. नुसती पानं कापून उपयोग नाही, पुन्हा फुटतात. बाजूची माती उकरून, त्या कोंबाच्या बुडाशी असलेला गड्ड्याचा तुकडा धारदार सुरीने मुळांसकट वेगळा केला. पूर्ण पांढरा कोंब आला तर काही करायला नको, तो आपोआप मरतो. रुंद पांढऱ्या किनारीच्या काही जातींत पान वाटीसारखं वळतं आणि कडा फाटतात. तो रोग नव्हे. किनार हळू वाढते, मधला भाग भराभर वाढतो. नाडी ओढल्यासारखी कड ताणली जाते.

रोग म्हणावा तो होस्टा व्हायरस एक्स. एका नर्सरीतून आणलेल्या ‘गोल्ड स्टँडर्ड’च्या सोनेरी भागात शिरांच्या कडेने गडद हिरवी शाई पसरावी तसे डाग होते आणि तिथलं पान किंचित खडबडीत, दबलेलं. विक्रेत्याला तो नवा रंगप्रकार वाटला. या विषाणूवर औषध नाही आणि तो रसातून, म्हणजे आपल्याच सुरी-कात्रीतून पसरतो. रोप मुळांसकट पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. तेव्हापासून एका रोपाची सुरी दुसऱ्याला लावण्याआधी साबणाने रस धुतो आणि एक भाग ब्लीच, नऊ भाग पाण्यात बुडवतो.

दमट जुलैत एका होस्टाची पानं बुडापासून सुटून एका दिवसात जमिनीवर लोळली. देठ उचलून पाहिले तर बुडाशी पांढरी बुरशी, आणि तिच्यावर हुबेहूब मोहरीचे दाणे. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. रोपाभोवतीची वरची चार इंच माती काढून टाकली, आच्छादनही, आणि ती जागा उघडी ठेवली.

हरणं पान खातात आणि देठ ठेवतात. गोगलगायी शिरांमध्ये भोकं पाडतात. कोण आलं होतं ते एवढ्यावरून कळतं. हरणांसाठी कुजक्या अंड्याच्या वासाचा फवारा, दर तीन आठवड्यांनी आणि नवी पानं आली की लगेच. गोगलगायींसाठी लोह फॉस्फेटचे दाणे, तेही कोंब बोटभर असतानाच. मेमध्ये भोकं दिसल्यावर टाकले तर भोकं काही भरून येत नाहीत. आणि वसंतात होस्टा हातात अलगद उचलून आली, खाली मुळंच नाहीत, तर हिवाळ्यात व्होल (उंदरासारखे छोटे प्राणी) जेवून गेले. नवीन खड्ड्याच्या कडेने आता अर्ध्या इंच जाळीची टोपली घालतो.

गड्डा फोडायची घाई नको. पांढऱ्या किनारीची चार-पाच वर्षं, मध्ये पांढरी असलेली त्याहून जास्त तशीच राहू द्यावी. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत फोडावी, म्हणजे जमीन गोठण्याआधी मुळं धरतात. प्रत्येक तुकड्याला किमान तीन कोंब हवेत.

पुण्याला न्यायचं विचारणारे बरेच असतात. होस्टाला हिवाळ्यात काही आठवडे कडक गारठा लागतो; तो न मिळाला तर रोप नीट झोपत नाही आणि दरवर्षी खंगत जातं. तिकडे सावलीला दुरंगी सिंगोनियम किंवा अॅग्लोनिमा बरं. नातं मात्र आहे: होस्टा शतावरीच्या कुळातली, आणि निशिगंधही त्याच कुळातला. ऑगस्टमध्ये फुलणाऱ्या प्लँटाजिनिया जातीच्या पांढऱ्या फुलांना संध्याकाळी जो वास येतो, त्यात हे नातं कळतं. घरात कुत्रा-मांजर असेल तर पानं त्यांना विषारी आहेत, एवढं लक्षात असू द्यावं.

पहिल्या कडक थंडीत पानं पिवळी होऊन पडतात. ती सगळी गोळा करून बांधून टाकायची, गोगलगायींची अंडी आणि सूत्रकृमी त्यांत आणि त्यांच्याखाली हिवाळा काढतात. त्यानंतर एप्रिलपर्यंत वर काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक रोपाशी जस्ताची पट्टी, नाव पेन्सिलने लिहिलेलं. मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, आणि मग ट्युलिपचे कंद लावायला कुदळ मारली की ती नेमकी ‘जून’च्या गड्ड्यात बसते.