उशिरा पोचणाऱ्या बातम्यांचे विश्व : ‘ट्रॅव्हलर’ची मोहीम चालवताना

सव्वा वर्ष, एक आड एक शनिवारी, पुण्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती पाच मित्रमैत्रिणी जमत असत आणि मी त्यांच्यासाठी ‘ट्रॅव्हलर’ या अवकाशप्रवासाच्या रोलप्लेइंग खेळाची, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाची, मोहीम चालवत असे. खेळाडू ज्याला कॅम्पेन म्हणतात त्याला मी मोहीमच म्हणते, कारण महिनोन्‌महिने चालणाऱ्या, वाटेत बदलत जाणाऱ्या आणि परतीची खात्री नसलेल्या प्रवासाला आपल्याकडे तोच शब्द आहे. गोष्ट सांगणाऱ्या, नियम सांभाळणाऱ्या आणि खेळाडूंखेरीज उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला या खेळात रेफरी म्हणतात, आणि ते काम मी पहिल्यांदाच अंगावर घेतले होते.

हा खेळ १९७७ साली अमेरिकेतल्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने तीन लहान काळ्या पुस्तिकांच्या रूपात काढला आणि त्याचा कर्ता मार्क मिलर. मूळ पुस्तिकांत ठरलेले असे विश्व नव्हते. ‘तिसरे साम्राज्य’ नावाचे विश्व पुढच्या पुरवण्यांतून आणि नियतकालिकांतून घडत गेले. आज त्या साम्राज्यात सुमारे ११,००० ग्रह आहेत, त्यांचे षट्कोनी चौकटींचे नकाशे आहेत, राजघराणी, युद्धे आणि स्वतंत्र कालगणना आहे. आमच्या मोहिमेसाठी मी ‘स्पिनवर्ड मार्चेस’ या सीमाप्रांतातला रेजिना हा आठ बाय दहा षट्कोनांचा विभाग निवडला आणि साम्राज्याच्या ११०५ या वर्षी सुरुवात करायचे ठरवले.

तयारीला बसले तेव्हा सर्वांत मोठी भीती होती ती या छापील माहितीची. पाच खेळाडूंपैकी एकाने कॉलेजपासून हे विश्व वाचले होते आणि त्याला माझ्याहून पुष्कळ अधिक माहीत होते. आपण काही चुकीचे बोललो तर हा काय म्हणेल, या धास्तीने मी दोन महिने नुसती टिपणे काढत राहिले. साम्राज्याच्या राजधानीचा इतिहास मी पाठ केला आणि परग्रहवासी ‘वार्गर’ टोळ्यांवर पानेच्या पाने लिहून ठेवली. त्यातले जवळजवळ काहीही उपयोगी पडले नाही.

जे चुकले ते भलतीकडेच चुकले. तिसऱ्या बैठकीत खेळाडूंनी विभागाचेच नाव असलेल्या रेजिना ग्रहावरच्या बंदराचे देणे बुडवून जहाज हाकारले आणि शेजारच्या हेफ्री ग्रहावर उतरले. तिथे अधिकारी अटकेचे वॉरंट घेऊन उभे असल्याचे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. टेबलावर क्षणभर शांतता पसरली आणि तो जाणकार मित्र अगदी सौम्यपणे म्हणाला, “अगं, पण त्यांना कळलं कसं? आपल्या आधी रेजिनाहून इथे कुणी आलंच नाहीये.”

त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. या विश्वात तारायंत्र नाही, प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा रेडिओ नाही. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जायचे तर जहाजाने ‘जंप’ म्हणजे उडी घ्यायची, आणि ती उडी एका पार्सेकची (म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांची) असो की सहा पार्सेकची, तिला साधारण एक आठवडाच लागतो. निरोप जाईल तो जहाजातूनच जाईल. हा नियम मी दहा वेळा वाचला होता, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. मी चूक कबूल केली, वॉरंट मागे घेतले आणि आम्ही तो प्रसंग पुन्हा खेळलो.

त्या रात्री बाकीच्यांना हे समजावताना मला पानिपत आठवले. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती कळली वाटेत, कितीतरी दिवसांनी, एका सावकाराच्या पत्रातून. मधल्या दिवसांत त्यांनी जे काही ठरवले असेल, ते ज्या परिस्थितीसाठी ठरवले ती परिस्थिती उरलीच नव्हती. हे सांगितल्यावर कुणालाही आणखी काही सांगावे लागले नाही. आमच्या खेळाची भाषाही त्याच बैठकीपासून बदलली, असे मला वाटते. स्टारपोर्टचे बंदर झाले, जंपची उडी झाली, आणि कोकणातल्या एका मैत्रिणीने कॅप्टनला तांडेल म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी जुनी टिपणे बाजूला ठेवली आणि एका वहीत तीन रकाने आखले : घटना केव्हा घडली, रेजिनाला केव्हा कळली, आपल्या जहाजापर्यंत केव्हा पोचली. साम्राज्याच्या टपालाची ‘एक्स-बोट’ नावाची जहाजे एका उडीत चार पार्सेक जातात, त्यामुळे ठरलेल्या टपालमार्गावरची बातमी किती आठवड्यांत येईल याचा हिशेब सहज मांडता येतो. मार्गापासून दूर असलेल्या ग्रहासाठी मात्र तिकडे जाणारे एखादे व्यापारी जहाज मिळेपर्यंत थांबावे लागते. ही वही हाती आल्यावर माझी भीती ओसरली. अकरा हजार ग्रह मला माहीत असण्याची गरजच नव्हती. जहाजाच्या आसपासचे चार-पाच ग्रह आणि तिथवर पोचलेल्या बातम्या, एवढे नीट माहीत असले की पुरत होते, आणि छापील पुस्तकातली घटना आमच्या बंदरात अफवा म्हणून, अर्धवट किंवा चुकीची पोचली तरी त्यात विश्वाशी बेइमानी नव्हती.

खेळाडूंचे जहाज होते २०० टनांचे ‘फ्री ट्रेडर’, एका उडीत एकच पार्सेक जाणारे. जुन्या नियमांनुसार त्याची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट, आणि कर्जावर घेतले तर महिन्याला किमतीचा २४०वा भाग, म्हणजे १,५४,५०० क्रेडिट, असे ४८० हप्ते भरायचे. मालाची जागा ८२ टन आणि भाडे टनाला एक हजार. एक आठवडा उडीत आणि एक बंदरात धरला तर महिन्याला दोन फेऱ्या होतात. दोन्ही वेळा जहाज खच्चून भरले तरी १,६४,००० हाती येतात. त्यातून इंधन, पगार, बंदराचे शुल्क आणि हवापाणी भागवायचे, म्हणजे प्रवासी घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि प्रवासी घेतला की त्याच्याबरोबर त्याची गोष्टही जहाजावर चढते. मी एकही कथानक लादले नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पाचही जण कागदावर बेरजा मांडत आणि कोणता धोका पत्करायचा ते स्वतः ठरवत.

या विश्वातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे ग्रहांची सांकेतिक ओळख. प्रत्येक ग्रहापुढे अक्षर-आकड्यांची एक छोटी ओळ असते. पिक्सी या ग्रहाची ओळ ‘ए१००१०३-डी’ अशी आहे. पहिले ‘ए’ म्हणजे सर्वोत्तम प्रतीचे, तारायाने बांधू शकणारे बंदर. मग आकार लहानसा, हवा नाही, पाणी नाही. लोकसंख्येचा आकडा १, म्हणजे दहा ते नव्याण्णव माणसे. सरकार म्हणावे असे काही नाही, कायद्याचा जाच थोडासाच, आणि शेवटचे ‘डी’ म्हणजे तंत्रज्ञान तेराव्या पातळीचे. एवढे मोठे बंदर आणि वस्ती मूठभर, हे कसे? ओळीच्या पुढे नाविक तळाची खूण आहे, पण तेवढ्याने आमचे समाधान झाले नाही. आम्ही ठरवले की बंदरात राबणारे हजारो लोक तळाच्या नोंदीत आहेत आणि पिक्सीचे रहिवासी म्हणून मोजली जातात ती फक्त तळ येण्याआधीपासून तिथे असलेली तीन कुटुंबे. त्या कुटुंबांतली एक आजी पुढे सहा बैठका आमच्या मोहिमेच्या केंद्रस्थानी राहिली. छापील ओळीत एक अक्षरही न बदलता आम्हाला हे करता आले, याचा आनंद मला अजून आहे.

छापील इतिहासानुसार ११०७ साली साम्राज्याच्या शेजारच्या झोदानी लोकांशी पाचव्या सीमायुद्धाला तोंड फुटते. जाणकार मित्राला ते अर्थातच माहीत होते, आणि कालगणना त्या वर्षाच्या मध्यावर आली तरी त्याने अवाक्षर काढले नाही. त्याच्या पात्राने नेहमीप्रमाणे मालाचे करार केले, सीमेकडे जाणारा मालसुद्धा घेतला. पहिल्या रकान्यात मी युद्धाची नोंद केली त्यानंतर दोन बैठका टेबलावर कुणालाही काही कळायचे नव्हते. त्या दोन बैठका चालवणे मला फार जड गेले.

बातमी आली तेव्हा जहाज भरलेले होते, एकतिसावा हप्ता नुकताच गेला होता आणि उडीची आकडेमोड पूर्ण झाली होती. मी एक्स-बोटीचा मजकूर वाचून दाखवला. तांडेल झालेल्या मैत्रिणीने विचारले, “ही बातमी किती दिवसांची आहे?” मी वहीत पाहिले आणि म्हणाले, “तेवीस.”

अर्धा तास वाद झाला. जिथे माल न्यायचा ते बंदर शाबूत आहे की नाही, हे इथे बसून कळण्याचा मार्ग नव्हता, आणि तिथून खबर येण्याची वाट पाहायची तर हप्ता चुकणार होता. शेवटी तिघे एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या बाजूला पडले. तांडेलाने उडीचा आदेश दिला, फासे टाकले, आणि आम्ही तिथे थांबलो. जहाज अजून त्या आठवड्यातच आहे. दिवाळीनंतर पुन्हा बसू तेव्हा ते बाहेर येईल.