तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळा ठिपका दिसला, मग अडलं कुठे?

"जिवंत पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात, हे तुम्हाला दिसतं कसं?" परवा दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात त्यांचा आरसा होता. म्हणून उत्तर इथे.

दिसत नाही. एका प्रथिनाला हिरवा टॅग, म्हणजे चमकणारी खूण, लावायचा, दुसऱ्याला लाल. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की पिवळा ठिपका उमटतो आणि नवा विद्यार्थी पेढे आणायला धावतो. पण साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरहून जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि प्रथिनं असतात जेमतेम पाचेक नॅनोमीटरची. लोकलच्या एका डब्यात दोघं दिसले, एवढ्यावरून सोयरीक जुळवायची का?

इथे कामाला येतं फ्रेट, म्हणजे एका टॅगने शेजारच्या टॅगला ऊर्जा सोपवणं. त्याचं गणित थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४० च्या दशकातच मांडलं होतं. लेझरने चेतवलेला टॅग स्वतः चमकण्याऐवजी अगदी जवळच्या टॅगला ऊर्जा देऊन टाकतो आणि चमकतो तो दुसराच. अंतर वाढलं की हे देणं सहाव्या घाताने घटतं: पाच नॅनोमीटरला निम्मी ऊर्जा पोचत असेल, तर दहाला जेमतेम दीड टक्का. जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन (आमचा हिरवा टॅग त्याचाच) १९९४ मध्ये जिवाणूत आणि कृमीत चमकवता आलं, त्यानंतर हे सगळं जिवंत पेशीत करणं आवाक्यात आलं.

मीही पेढे वाटलेत. निळसर आणि पिवळ्या टॅगची जोडी, झकास सिग्नल, तीन आठवडे मी हवेत. मग गाइडनी शांतपणे विचारलं, "नुसता निळा टॅग असलेल्या पेशींची डिश कुठंय?" ती केलीच नव्हती. केली, तर तोच सिग्नल! निळ्याचाच प्रकाश पिवळ्याच्या फिल्टरमधून झिरपत होता.

आता आम्ही उजेड किती यापेक्षा तो किती वेळ टिकतो ते मोजतो. हिरवा टॅग एकटा असला तर सरासरी अडीचेक नॅनोसेकंद चेतलेला राहतो. ऊर्जा घेणारा शेजारी मिळाला की हा काळ घटतो. टॅग कमी-जास्त बनला तरी फारसा फरक पडत नाही, हे मला सगळ्यात आवडतं.

उलटही फसगत होते. प्रथिनं गळ्यात गळा घालून असतात, पण टॅग दोन लांबच्या टोकांना. मग हाती शून्य. आमची सध्याची जोडी पाच महिने शून्यच दाखवतेय. टॅग दुसऱ्या टोकाला लावलाय, शुक्रवारी पेशींत घालू.