पुराव्याचा फोटो

आमच्या कॉलेजच्या पाक्षिकाला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवर, एक पान करायचं होतं. मजकूर वर्गातली मैत्रीण लिहिणार होती, फोटो माझ्याकडे. छपाई काळी-पांढरी आणि कागद असा की शाई पलीकडून दिसते, त्यामुळे सोनेरी सकाळ वगैरे आमच्या काही कामाची नाही. अशा कागदावर टिकतात ते आकार: ताणलेली दोरी, वाकलेल्या पाठी, टाचांनी उकरलेली वाळू.

जानेवारीतली सकाळ, मालवणचा दांडी किनारा. होडीने अर्धगोल फिरून जाळं टाकलं होतं. त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणून दोन्हीकडे माणसं पाय रोवून मागे मागे सरकत ओढत होती. रापण एकट्यादुकट्याची नसतेच. मासळीचे वाटे पडतात, होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघतो.

इथे फोटोग्राफरची पंचाईत अशी की सकाळी सूर्य माडांमागून येतो. वाळूवर उभं राहून समुद्राकडे कॅमेरा धरला की सिंधुदुर्ग किल्ला स्वच्छ उजळलेला मिळतो, पण माणसं सगळी पाठमोरी. चेहरे हवे असतील तर पाण्यात उतरायचं आणि उजेड सरळ भिंगात घ्यायचा. मी पॅन्ट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरले आणि चेहरे काळे पडू नयेत म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवला, म्हणजे दुप्पट उजेड आत घेतला. किल्ला पोस्टकार्डवाल्यांना लखलाभ.

"फोटो मगे काढ गो, आधी दोरीक हात लाव!" एक काकी ओरडल्या. दोन्ही बाजूंना हशा पिकला आणि तेवढ्यात हसरे चेहरे मला मिळून गेले.

जाळं उथळ पाण्यात आलं तेव्हा पेडवे, म्हणजे तारलीसारखे छोटे मासे, चमकायला लागले, आणि त्यांच्या मध्येच काहीतरी मोठं धडपडलं. "कासव गावला!" कुणीतरी म्हणालं. ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव, पाठ साधारण दोन फुटांची. एक पुढचा आणि एक मागचा पाय जाळ्यात असे पिळले गेले होते की नुसतं उचलून बाहेर काढणं शक्य नव्हतं. जाळं कापावंच लागणार होतं. जाळं कापणं म्हणजे ते शिवून होईपर्यंत रापण बंद.

आता माझ्या डोक्यात पहिल्या पानाचा फोटो तयार व्हायला लागला होता. कासवाचा डोळा, ओलं कवच, मागे धूसर माणसं. मी वाकले तोच होडीचे प्रमुख, तांडेलकाका, यांनी हाक मारली.

"चेडवा, हयसर ये. आता मी सांगतंय तसो फोटो काढ. पयलो जाळ्यात अडाकलेला. मगे कापताना. मगे सोडताना. बरो नाय इलो तरी चलात, जाळा दिसाक व्हया."

त्यांना पुरावा हवा होता. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छिमाराला नुकसानभरपाई देण्याची राज्याची योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाची ही योजना, रक्कम जास्तीत जास्त २५ हजार. अर्जासोबत फोटो किंवा व्हिडिओ लागतो. आता ओल्या हातांनी, कासव फडफडत असताना मोबाईल कुणी धरायचा? त्या दिवशी कोरड्या हातांची मी एकटीच होते.

मग मी माझी फ्रेम सोडून दिली. सरळ वरून, भर उजेडात, अजिबात कलात्मक नसलेले फोटो घेतले. कवच पूर्ण दिसेल असे, कारण जात कवचावरून ओळखता येते: मधल्या रांगेच्या प्रत्येक बाजूला ऑलिव्ह रिडलेच्या पाच किंवा जास्त ढाली, म्हणजे कवचावरचे मोठे तुकडे, असतात, हिरव्या कासवाच्या चारच. मग सुरी चालवणारा हात, कापलेल्या जाळ्याचं भोक आणि शेजारी माप म्हणून कुणाचीतरी चप्पल. होडीचा नंबर काकांनी स्वतः बोट दाखवून काढायला लावला. वर्तमानपत्राचा फोटो नको असलेलं कापून टाकतो; इथे नको असलेलं काही नव्हतंच. काकांइतका स्पष्ट बोलणारा फोटो संपादक मला अजून भेटलेला नाही.

कासव पाण्यात सोडलं. दोन वल्ह्यांत ते दिसेनासं झालं, मला फक्त पाठीची कड मिळाली.

कॉलेजात वाद झाला. मैत्रिणीला ती कड पहिल्या पानावर हवी होती, "सुटका" असा मथळा देऊन. माझं म्हणणं, भोक पडलेलं जाळं छापा, सुटकेची किंमत कुणी दिली ते त्यात दिसतं. बरीच तणतण होऊन जाळं छापलं, कड आतल्या पानावर गेली. काकांच्या अर्जासाठी सगळे फोटो न कापता, जसेच्या तसे पेन ड्राइव्हमध्ये भरून दिले.

अंक निघाल्यावर दोन प्रती घेऊन दांडीवर गेले. काकांनी पान पुढून-मागून पाहिलं.

"आणि पेडवे खंय?"

वाटे घालतानाचे फोटो होते माझ्याकडे, चांगले होते, पण कासवाने त्यांची जागा खाल्ली होती. पुढच्या अंकात अर्धं पान मागितलंय.